दवाखान्याखालचे तांबडे ठोकळे : एका पटखेळातल्या धर्मादायाचं प्रकरण

गेली दोन वर्षं आम्ही चौघं मिळून एक पटखेळ घडवतो आहोत. काळ १८३८ ते १८८५, गाव मुंबई. चार खेळाडू म्हणजे चार पेढ्या. बारा फेऱ्या, एक फेरी साधारण चार वर्षांची. कापसाच्या गासड्या बंदरावर आणायच्या, जहाजात जागा मिळवायची, हुंड्या वटवायच्या, वखारी वाढवायच्या. व्यापाराचा भाग सहा महिन्यांत जमला. पुढचं जवळजवळ सगळं वर्ष गेलं ते शेठांच्या दानधर्मावर. त्या एकाच अडचणीची ही हकिकत आहे.

दानधर्म वगळून खेळ करता आला नसता का? मुंबईबद्दल तरी नाही. माहीमला राहणारा माणूस रोज एल. जे. रोडवरून जातो, आजारी पडला की जे. जे. किंवा जी. टी.त जातो. ही अक्षरं माणसांच्या नावांची आहेत: लेडी जमशेटजी, जमशेटजी जीजीभाई, गोकुळदास तेजपाल. त्या काळात या शहरातली इस्पितळं, शाळा, ग्रंथालयं, पाणपोया, इतकंच काय रस्तेसुद्धा व्यापाऱ्यांच्या पैशातून झाले. पटावर नुसती बंदरं आणि वखारी ठेवल्या असत्या तर ते शहर कुठलंही असतं.

आमच्यातला मावसभाऊ सीए आहे, फोर्टात बसतो. हिशेबाचे नियम त्याचे. मैत्रीण परळच्या एका शाळेत इतिहास शिकवते. चौथा मित्र पट आणि पत्ते चितारतो. माझ्याकडे नियम लिहिणं आणि दर रविवारी गिरगावात आमच्या घरी चाचणी भरवणं.

पहिला आराखडा सरळ होता. प्रत्येक देणगीचं एक पान. धर्मशाळा : चार ठोकळे (खेळातला पैसा) द्या, दोन मान घ्या. दवाखाना : दहा द्या, सहा मान घ्या. खेळ संपला की मान मोजायचा, ज्याचा जास्त तो जिंकला.

सुरुवातीला नुसता शब्दाचाच घोळ झाला. पानांवर आम्ही ‘दान’ असं छापलं होतं. खेळात फासेही आहेत, आणि फाशांचं जे पडतं त्यालाही आपण दानच म्हणतो. ‘दान कुणाचं?’ असं कुणी विचारलं की एक जण फासे उचलायचा आणि दुसरा खिशातले ठोकळे मोजायचा. दोन चाचण्यांनंतर पानांवर ‘धर्मादाय’ आलं. हा शब्द मला अधिक आवडतो. त्यात देणाऱ्याची हौस कमी आणि काहीतरी बाजूला काढून ठेवल्याचा भाव जास्त आहे.

खरी अडचण दिसायला सात चाचण्या लागल्या. सातही वेळा तेच झालं. अकरा फेऱ्या कुणी दमडी सोडेना आणि बाराव्या फेरीत सगळ्यांनी तिजोऱ्या उपड्या केल्या. मावसभाऊ म्हणाला, “शेवटच्या फेरीत सगळेच कर्ण.” कारण उघड होतं. खेळ संपल्यावर पैशाला किंमत नाही, मानाला आहे. आम्ही शेवटच्या दोन फेऱ्यांत देणगी बंद केली, तर लोक दहाव्या फेरीत देऊ लागले. दर फेरीला किंमत चढती ठेवली, तर मावसभावाने एका रुपयाला किती मान पडतो याचा तक्ताच करून आणला. आम्ही दर बदलत राहिलो. पण दर आहे तोवर ती खरेदीच राहणार, हे उमगायला तीन महिने गेले.

मोठ्या संगणकीय खेळांत काय केलंय तेही पाहिलं. ‘क्रुसेडर किंग्ज ३’मध्ये दानशूरपणा हा राजाचा स्वभावगुण आहे. २०२२ साली आलेल्या ‘व्हिक्टोरिया ३’मध्ये धर्मादाय रुग्णालयं हा देशाच्या आरोग्यविषयक कायद्यांतला एक पर्याय आहे. म्हणजे एकीकडे माणसाचा स्वभाव, दुसरीकडे राज्याचं धोरण. या दोन्हींच्या मधे उभा असलेला, पागडी घातलेला, सरकारशी घासाघीस करत स्वतःच्या पैशाने पूल बांधून देणारा शेठ आम्हाला तिथे सापडला नाही. त्या खेळांचं केंद्र वेगळं आहे, त्यामुळे हा काही दोष म्हणता येणार नाही. आम्हाला मात्र तोच शेठ हवा होता.

वाट सापडली ती माहीमच्या पुलापाशी.

माहीम आणि वांद्रे यांच्या मधे खाडी होती. ये-जा होडीने, आणि पावसाळ्यात ती जिवावरची. पूल हवा हे सगळ्यांना पटत होतं, पण सरकार पैसे घालायला तयार नव्हतं. शेवटी जमशेटजींच्या पत्नी आवाबाई यांनी पैसे दिले, एकूण १,५७,००० रुपये, आणि १८४५ मध्ये रस्ता खुला झाला. देताना त्यांनी अट घातली की या रस्त्यावर कुणाकडूनही टोल घ्यायचा नाही.

मैत्रिणीने ही अट वाचून दाखवली तेव्हा आमच्या पानांवर काय नव्हतं ते मला कळलं. आमच्या देणगीला अट नव्हती, म्हणून तिला धारही नव्हती. आवाबाईंनी पैसे तर दिलेच, शिवाय सरकारचे हातही बांधून ठेवले. जे. जे. रुग्णालयाचंही असंच. जमशेटजींनी लाखभर रुपये देऊ केले आणि कंपनी सरकारलाही आपला वाटा उचलायला लावला. १८४३ मध्ये पायाभरणी झाली, १८४५ मध्ये दवाखाना सुरू झाला. गुरांच्या चराईवर कर बसला तेव्हा त्यांनीच ठाकूरद्वारजवळ वीस हजारांना गवताळ जमीन घेऊन ती मोफत चरायला सोडली, आणि चर्नी रोडचं नाव त्या चरणीवरून आलं असं सांगतात. तिन्ही ठिकाणी पुढाकार एकाचा असला तरी सौदा तिघांचा आहे: देणारा, सरकार आणि वापरणारे.

नवा नियम असा केला. देणगी द्यायची तर तीन गोष्टी बोलून दाखवायच्या: किती, कशासाठी आणि कुठल्या अटीवर. सरकार हा पाचवा, पत्त्यांनी चालणारा खेळाडू आहे. तो अट मान्य करील किंवा नाकारील. मान्य केली की ती पटावर कायमची, अगदी देणाऱ्यालासुद्धा मोडता येत नाही. आणि पूल झाला की तो सगळ्यांचा. प्रतिस्पर्ध्याच्या बैलगाड्याही त्यावरून फुकट जाणार.

पहिल्याच चाचणीत पूल कुणी बांधेना. “मी पैसे घालू आणि माल याचा जाणार?” असा सवाल आला. तीन फेऱ्या खाडी तशीच राहिली, दर पावसाळ्याला सगळ्यांचाच माल बुडत राहिला. शेवटी मावसभावाने बांधला. वांद्र्याकडे त्याची वखार होती, त्यामुळे त्यात त्याचा फायदा होताच. पण बाकी तिघांचाही झाला, आणि पुढच्या फेरीत त्या तिघांपैकी एकाने आपणहून मसजिद बंदरच्या बाजूला पाणपोई घातली. स्वार्थ आणि परमार्थ असे मिसळलेले पहिल्यांदा पटावर दिसले. मला तेव्हा फार बरं वाटलं.

पाणपोईबद्दल थोडं सांगतो, कारण ती आमची आवडती चीज आहे. बंदराकडून माल ओढणारे हमाल आणि बैल यांच्या तहानेवर मुंबईचा सगळा व्यापार चालला होता. कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी शहरात ठिकठिकाणी पाणी पिण्याची कारंजी उभारली. मसजिद बंदरला केशवजी नाईकांचं कारंजं १८७६ चं, वर घड्याळ असलेलं. आमच्या खेळात पाणपोईला तीनच ठोकळे लागतात. ती ज्या वॉर्डात आहे तिथे प्रत्येकाची गाडी एक घर जास्त जाते. इतकी स्वस्त, इतकी साधी, आणि पूर्ण पटाचा वेग बदलते.

तरीही दवाखाना नीट बसत नव्हता. तो बसवला माझ्या आत्याने.

आत्या लालबागला राहते. एका मोठ्या इस्पितळात तीस वर्षं सिस्टर होती. एका रविवारी एक खेळाडू आला नाही म्हणून तिला बसवलं. तिने दहा ठोकळे मोजून दवाखाना बांधला, पटावर ठेवला, आणि पुढच्या फेरीला विचारलं, “आता ह्याचं काय करायचं?”

“काही नाही आत्या, झाला तो.”

“झाला म्हणजे? रोगी कुठायत? आणि ह्यांच्या पगाराचं कोण बघतंय?”

मावसभाऊ म्हणाला, “तेवढं बारीक खेळात नसतं हो आत्या.”

“अरे, तेच तर सगळं असतं. इमारत देणारे खूप मिळतात. आमच्या वॉर्डात भिंतीवर पाट्याच पाट्या. पण रात्री दोनला सलाईन संपलं की त्या पाटीला कुणी विचारायचं? कापसाचे बोळे कापून दोनाचे चार केलेत आम्ही.”

त्या दिवशी खेळ तिथेच थांबला आणि ती संध्याकाळभर बोलत राहिली. तिच्या बोलण्यातून जो नियम आला तो आज खेळाचा कणा आहे. प्रत्येक संस्था दर फेरीला एक ठोकळा खाते. तो तिच्याखाली ठेवलेल्या कायम निधीतून जातो. निधी संपला की संस्था पालथी पडते, म्हणजे बंद. बंद संस्थेचा उपयोग कुणालाच नाही. इमारत ज्याने दिली त्याच्या रंगाची पाटी तिच्यावर लागते. निधीत कुणीही, कितीही, केव्हाही घालू शकतो, पण त्यावर नाव नसतं.

हे शेवटचं आम्ही मुद्दाम ठेवलं. आपल्याकडे गुप्तदानाला मोठं मानतात, आणि मानाच्या पट्टीवर चालणाऱ्या खेळात गुप्तदानाला जागाच उरत नाही. इथे ती आपोआप झाली. शेवटी गुणही बदलले: कुणी किती दिलं ते मोजायचंच नाही. शेवटच्या फेरीअखेर ज्या संस्था चालू आहेत त्यांच्या पाटीवाल्याला थोडं स्मरण मिळतं, आणि बाकीचे गुण व्यापारातून. बाराव्या फेरीत तिजोरी उपडी करण्यात आता काही अर्थ राहिला नाही, कारण त्या फेरीत बांधलेल्या दवाखान्यात अजून एकही रोगी आलेला नसतो.

आत्याने सुचवलेली एक गोष्ट अजून घ्यायची राहिली आहे. आज महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तिचं म्हणणं, अटीच्या पानावर ‘किती खाटा फुकट’ हेही यावं. काळ वेगळा आहे, पण प्रश्न तोच आहे, आणि मला तिचं पटतं.

मग १८६५ आलं. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं तसा तिकडचा कापूस बंद झाला आणि १८६१ पासून चार वर्षं मुंबईवर पैशाचा पाऊस पडला. बँका, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या, शेअरचा सट्टा. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची बातमी आली आणि सगळं कोसळलं. त्या तेजीचा राजा प्रेमचंद रायचंद. त्यांनी १८६४ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लाख दिले आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख, आईच्या नावाने. त्यांची पेढी बुडाली. राजाबाई मनोऱ्याचं काम १८६९ मध्ये सुरू झालं आणि १८७८ मध्ये पुरं झालं. म्हणजे देणाऱ्याचं साम्राज्य गेल्यावर तेरा वर्षांनी त्याची देणगी उभी राहिली.

खेळात हे सोपं वाटलं: पडझड झाली की हातातली रोकड निम्मी, शेअर शून्य, संस्थांखालचा निधी मात्र शाबूत. पण खेळाडूला १८६५ माहीत असतं. सहाव्या फेरीत सगळे जण पैसे दवाखान्याखाली नेऊन ठेवू लागले, जणू बँकेतली ठेव. ते पैसे परत काढता येत नाहीत हे खरं, पण नाही तरी जाणारेच होते. प्रेमचंदांना मात्र पुढचं ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक नसताना दिलं यातच त्या देण्याचं वजन आहे. म्हणून ‘युद्ध संपलं’ हे पान आता गड्डीच्या तळच्या पाच पानांत पिसून ठेवतो. कधी येईल सांगता येत नाही. तेजी दोन फेऱ्या जास्तही टिकते, आणि तेव्हा आधी देऊन बसलेला खेळाडू इतरांना गबर होताना बघत राहतो. एका कॉलेजच्या पोराने अशा वेळी कपाळाला हात लावला होता. तो हात लागला तेव्हा नियम बसला असं आम्ही धरलं.

सगळ्यात जास्त वाद झाला अफूवर. माळव्याची अफू मुंबईतून चीनला जायची. जमशेटजींची दौलत कापसावर आणि अफूवर उभी होती, चीनशी व्यापार करणाऱ्या जार्डिन मॅथेसन कंपनीशी त्यांचा जुना व्यवहार. मुंबईचे दुसरे बडे व्यापारी डेव्हिड ससून यांचंही अफूशी नातं होतं. पहिलं अफू युद्ध १८३९ ते १८४२. जमशेटजींना ‘सर’ किताब १८४२. दवाखान्याची पायाभरणी १८४३. ही वर्षं एकाखाली एक लिहिली की डोळे मिटून पुढे जाता येत नाही. आणि त्याच दवाखान्यात आजही हजारो गरीब माणसं बरी होतात, तेही डोळ्यांआड करता येत नाही.

मावसभावाचं म्हणणं, अफू वगळा, मालाला नुसतं ‘निर्यात’ म्हणा. चित्रकार मित्राचं उलट: अफूच्या पैशातून दिलेल्या देणगीचे गुण कापा. मैत्रीण दोन्हीला नाही म्हणाली. तिचा मुद्दा असा की कंपनी सरकार स्वतः कलकत्त्याला अफूचे लिलाव करत होतं. त्या काळी हा राजमान्य व्यापार होता, आणि आज बसून दंड लावणं म्हणजे मुलांना खोटा इतिहास शिकवणं. चाचणीला आलेला तो कॉलेजचा पोरगा म्हणाला, “पण मग हे हलवायाच्या घरावर तुळशीपत्रच झालं ना? ज्याचं घर उठलं तो चिनी माणूस पटावर कुठेच नाही.” त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही.

शेवटी तोडगा लाकडातून निघाला. पैशाचे ठोकळे दोन रंगांचे केले. कापसाचे पांढरे, अफूचे तांबडे. किंमत दोन्हींची सारखी. कुठलाही नियम रंगाला शिक्षा करत नाही. फक्त देणगी दिली की तेच ठोकळे संस्थेखाली जातात आणि सगळ्यांना दिसत राहतात. पांढरा म्हणजे निर्मळ असंही आम्ही कुठे लिहिलेलं नाही. कापसाचे भाव कोसळल्यावर दख्खनच्या कुणब्यावर सावकाराचा फास आवळला आणि १८७५ चे दंगे झाले, त्याचं पानही गड्डीत आहे. रंग फक्त सांगतो की पैसा कुठून आला. मला हा निर्णय योग्य वाटतो. खेळाने निकाल देऊ नये. पण जे होतं ते झाकूनही ठेवू नये. ठोकळे रंगवल्यापासून प्रत्येक चाचणीत लोक न सांगता त्यावर बोलतात.

एक पान मात्र देणाऱ्याची पत घटवतं. नाना शंकरशेट यांनी आपल्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली. त्या काळात याने जातभाईंत वाहवा मिळत नव्हती, रोषच पत्करावा लागत होता. ‘मुलींची शाळा’ ठेवली की दोन फेऱ्या तुमच्या हुंड्या कुणी वटवत नाही. चौथ्या फेरीपासून ती शाळा शहराला शिकलेली माणसं देऊ लागते. हे पान अजून कमी लोक खेळतात. त्याचा जोर वाढवायचा मोह आम्ही आवरला आहे.

गेल्या महिन्यातल्या चाचणीत आत्या पुन्हा बसली. नवव्या फेरीला दुसऱ्याच कुणाच्या पाटीचा दवाखाना पालथा पडायच्या बेतात होता, खाली एकच तांबडा ठोकळा. तिने तो दवाखाना उचलून खाली पाहिलं, परत ठेवला, आणि आपल्याकडचे पाच ठोकळे त्याच्याखाली सरकवले. त्यातले दोन तांबडेच होते. मावसभाऊ म्हणाला, “आत्या, याचे गुण तुम्हाला नाही मिळणार, पाटी त्याची आहे.” ती म्हणाली, “माहितेय रे. दान टाक तू.” त्याने फासे टाकले. ती तिसरी आली.

आता उरलंय ते सरकारचं एक पान. खेळाचा काळ जिथे संपतो तिथलं, १८८५ च्या डिसेंबरातलं: गोवालिया टँकवरच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसची पहिली सभा भरली, ७२ प्रतिनिधी जमले, आणि ज्यांच्या नावाने ती वास्तू, ते तेव्हा हयात नव्हते. यावरून मैत्रिणीला वाटतं की देणगीचा उपयोग पुढे कुणीही बदलू शकतो, तर मग अटही कायमची का असावी? माहीमच्या पुलावर टोल पुन्हा सुरू करायचं पान सरकारच्या हातात द्यावं, असं ती म्हणते. आत्याचा याला सक्त विरोध आहे. पुढच्या रविवारी दोन्ही तऱ्हांनी खेळून बघणार आहोत.